सिद्धांतभेद आणि सौजन्यशील आत्मिक विवेक

"तुमचे तारण झाले आहे काय?" हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील अनेकांना कधी ना कधी विचारला गेला असेल. विचारणारा बहुधा ओळखीचाच असतो. तो नात्यातला असतो, शेजारचा असतो किंवा कामाच्या ठिकाणी सोबत बसणारा असतो. तो बायबल वाचतो, प्रार्थना करतो, प्रभू येशूवर त्याचे प्रेम असते. परंतु त्याची ख्रिस्ती परंपरा आपल्या कॅथोलिक परंपरेहून वेगळी असते. मग मारियेची भक्ती, संतांच्या प्रतिमा, तान्ह्या बाळाचा स्नानसंस्कार, मृतांसाठी अर्पिलेली मिस्सा, पोपमहोदयांचा अधिकार असे विषय ओघाने येतात. पुष्कळदा पुढे दोन गोष्टींपैकी एक घडते. एक तर आवाज चढतात आणि नात्यांत कायमची अढी बसते. किंवा "शेवटी देव एकच" असे म्हणून विषय मिटवला जातो आणि सत्य काय हा प्रश्न तसाच राहतो. पहिल्या प्रकारात प्रीतीचा बळी जातो, दुसऱ्यात सत्याचा.

या दोहोंहून निराळा मार्ग ख्रिस्तसभेने आपल्या दीर्घ वाटचालीत शिकून घेतला आहे. त्याला आम्ही येथे सौजन्यशील आत्मिक विवेक असे म्हणत आहोत. हा विवेक म्हणजे नेमके काय, इतिहासात तो कसा घडला व कोठे अडखळला, आणि आपल्या घरात व धर्मग्रामात तो कसा आचरावा याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

संज्ञेचा अर्थ

विवेक म्हणजे पारख. धान्यातले खडे वेचून काढणारी गृहिणी धान्यावर रागावलेली नसते. तिला घरच्यांना चांगले अन्न वाढायचे असते. आत्मिक विवेकाचा हेतूही असाच पोषणाचा आहे. संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आत्म्यांची पारख करण्याची शक्ती हे पवित्र आत्म्याचे दान असल्याचे सांगतो. संत योहान प्रत्येक आत्म्यावर सरसकट विश्वास न ठेवता पारख करण्यास सुचवतो. फिलिप्पैकरांस लिहिताना संत पौल प्रीती व विवेक यांची सांगड घालतो: ज्ञानाने व सर्व प्रकारच्या विवेकाने त्यांची प्रीती उत्तरोत्तर वाढावी अशी त्याची प्रार्थना आहे. ज्याच्यावर आपले प्रेम नाही त्याच्या बोलण्याचा अर्थ आपल्याला नीट उमगत नाही, हा तर रोजचाच अनुभव आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. सौजन्य म्हणजे सर्व मते सारखीच खरी मानणे नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश प्रसिद्ध केला. कॅथोलिक सिद्धांत संपूर्णपणे व स्पष्टपणे मांडला गेला पाहिजे आणि शांततेच्या नावाखाली तो पातळ करणे हे ऐक्याच्या कार्याला अत्यंत परके आहे, असे त्यात बजावले आहे. त्याच आदेशात इतर ख्रिस्ती बांधवांच्या स्थितीचे असत्य वा अन्यायकारक वर्णन करणारे शब्द, निवाडे व कृती टाळण्याचेही आवाहन आहे. सौजन्यशील विवेकाला ही दोन्ही बंधने एकाच वेळी पाळावी लागतात.

यरुशलेमचा पाया

ख्रिस्तसभेतील पहिला मोठा सिद्धांतभेद इ. स. ४९ च्या सुमारास उद्भवला. परराष्ट्रीयांतून आलेल्या श्रद्धावंतांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळल्याशिवाय त्यांचे तारण होणार नाही, असे काही जण अंत्युखियात शिकवू लागले. पौल व बर्णबा यांचा त्यांच्याशी बराच वादविवाद झाला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पंधरावा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. तेथे वाद दडपला गेला नाही. तो यरुशलेमला प्रेषित व वडीलजनांपुढे नेण्यात आला. पुष्कळ चर्चेनंतर पेत्र उभा राहिला आणि परराष्ट्रीयांमध्ये देवाने काय केले ते त्याने सांगितले. त्यानंतर सभा शांत झाली आणि तिने बर्णबा व पौल यांचा अनुभव ऐकून घेतला. मग याकोबाने तो अनुभव संदेष्ट्यांच्या वचनांशी ताडून पाहिला. शेवटी निर्णय झाला आणि तो पवित्र आत्म्याचा व आपला असा संयुक्त निर्णय असल्याचे पत्रात नमूद करण्यात आले. ते पत्र नुसते धाडले नाही. तोंडी समजावून सांगण्यासाठी यहूदा व सीला यांना सोबत पाठवण्यात आले.

अनुभव ऐकणे, तो शास्त्राशी ताडणे, ज्यांच्याकडे अधिकार आहे त्यांनी निर्णय देणे आणि तो निर्णय माणसांनी माणसांना समजावणे, या चार पायऱ्या पुढील प्रत्येक काळात उपयोगी पडल्या आहेत. याच अध्यायाच्या शेवटी पौल व बर्णबा यांच्यात योहान मार्कवरून इतका तीव्र खटका उडतो की ते एकमेकांपासून वेगळे होतात. पवित्र शास्त्र ही गोष्ट लपवत नाही. पुढे तोच मार्क पौलाच्या पत्रांत जवळचा सहकारी म्हणून भेटतो. मतभेदाच्या क्षणी माणसाविषयी अखेरचा निवाडा करू नये, हा धडा त्यातून मिळतो.

सर्व मतभेद एका जातीचे नसतात. इतिहासातील उदाहरणे पाहता त्यांचे तीन प्रकार दिसतात: शब्दांतला भेद, स्पष्टीकरणातला भेद आणि सत्याविषयीचाच भेद. समोरचा मतभेद कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे हे विवेकाचे पहिले काम होय.

शब्दांतला भेद

संत अथानेशियस म्हटले की खंबीरपणा आठवतो. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, ही ३२५ सालच्या नायसिया परिषदेची श्रद्धा जपण्यासाठी त्यांनी पाच वेळा हद्दपारी सोसली. याच अथानेशियसने ३६२ साली अलेक्झांड्रियातील एका छोट्या परिषदेत काय केले ते मात्र फार जणांना ठाऊक नसते. अंत्युखियातील ख्रिस्ती लोक दोन गटांत विभागले होते. एक गट देवाच्या ठायी तीन 'हिपोस्टेसिस' आहेत असे म्हणे, तर दुसरा एकच 'हिपोस्टेसिस' आहे असे म्हणे. एकाला दुसऱ्याचे बोलणे पाखंड वाटे.

अथानेशियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी निवाडा देण्यापूर्वी प्रश्न विचारला. 'तीन' म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले, की तुम्हांला एकमेकांहून परके असे तीन देव अभिप्रेत आहेत काय? त्यांनी ठामपणे नकार दिला; पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे खरोखर आहेत, ती केवळ नावे नव्हेत, आणि देवत्व एकच आहे, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे, असे ते म्हणाले. मग 'एक' म्हणणाऱ्यांना विचारले, की पिता व पुत्र ही एकाच व्यक्तीची दोन नावे आहेत असे तुम्ही मानता काय? त्यांनीही नकार दिला. त्यांच्या दृष्टीने त्या शब्दाचा अर्थ तत्त्व असा होता आणि दैवी तत्त्व एकच आहे. एक गट व्यक्तींविषयी बोलत होता, दुसरा तत्त्वाविषयी. श्रद्धा एकच होती. नायसियाच्या श्रद्धेपलीकडे कोणावर काही लादू नये, असे परिषदेने सुचवले. अंत्युखियातील फूट त्यामुळे लगेच भरून निघाली नाही, ती पुढे अनेक वर्षे राहिली. तरीही त्रैक्याविषयीची भाषा स्थिर होण्याचा मार्ग या संवादाने मोकळा केला.

आपल्या काळातही याचे उदाहरण आहे. ४३१ सालच्या एफेसस परिषदेपासून दुरावलेल्या असिरियन पूर्व ख्रिस्तसभेचे प्रमुख मार दिन्खा चौथे आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ नोव्हेंबर १९९४ रोजी ख्रिस्ताविषयीच्या एकसमान श्रद्धेच्या घोषणेवर सह्या केल्या. एक परंपरा मारियेला देवाची माता म्हणते, तर दुसरी आपला देव व तारक असलेल्या ख्रिस्ताची माता म्हणते. या दोन्ही संबोधनांमागची श्रद्धा एकच असल्याचे दोघांनी मान्य केले. याच असिरियन परंपरेची ख्रिस्तसभा केरळातील त्रिशूर येथे आजही नांदते आहे.

मराठी ख्रिस्ती जीवनात हा प्रकार पावलोपावली आढळतो. आपण 'स्नानसंस्कार' म्हणतो, प्रोटेस्टंट बांधव 'बाप्तिस्मा' म्हणतात. आपण 'ख्रिस्तसभा' म्हणतो, ते 'मंडळी' म्हणतात. या शब्दांवरून कोणी भांडत नाही. परंतु आपण 'मारियेची भक्ती' म्हणतो तेव्हा अडचण होते. मराठीत भक्ती हा शब्द देवाच्या भक्तीसाठी इतका रुळलेला आहे की ऐकणाऱ्याला आपण मारियेला देवाच्या जागी बसवतो असे वाटू शकते. ७८७ सालच्या दुसऱ्या नायसिया परिषदेने देवाला करावयाची आराधना आणि पवित्र प्रतिमांना द्यावयाचा आदर यांतील भेद स्पष्ट केला आहे. आराधना केवळ देवाचीच. मारियेचा आपण विशेष सन्मान करतो आणि तिच्याकडे मध्यस्थीची विनंती करतो. एवढे शांतपणे सांगितले तर मारियेविषयीचे सर्व मतभेद संपणार नाहीत. पण निदान जो आरोप मुळातच खरा नाही त्यावर तरी वाद होणार नाही.

स्पष्टीकरणातला भेद

दुसऱ्या प्रकारात श्रद्धेचे सत्य दोन्ही पक्षांना मान्य असते. ते सत्य कसे समजावून घ्यावे याविषयी भेद असतो. १५८८ साली येशूसंघीय धर्मपंडित लुईस दे मोलिना यांचा देवाची कृपा व मानवी स्वातंत्र्य यांचा मेळ घालणारा ग्रंथ लिस्बन येथे प्रसिद्ध झाला. दोमिंगो बान्येझ व इतर दोमिनिकन पंडितांनी त्यावर कठोर टीका केली. देवाची कृपा माणसाला स्वातंत्र्य न हिरावता निश्चितपणे कशी हलवते, हा प्रश्न होता. येशूसंघीयांना दोमिनिकनांच्या मतात कॅल्व्हिनचा वास येई. दोमिनिकनांना येशूसंघीयांच्या मतात पेलाजियसचा. कृपा आवश्यक आहे आणि माणूस स्वतंत्र आहे, ही दोन्ही सत्ये मात्र उभय पक्षांना मान्य होती.

पोप आठवे क्लेमेंट यांनी हा वाद रोमकडे घेतला. स्वतः पोपमहोदयांसमोर वर्षानुवर्षे बैठका झाल्या. अखेर पोप पाचवे पॉल यांनी १६०७ साली निर्णय दिला. दोन्ही संघांनी आपापले मत शिकवावे, परंतु कोणीही दुसऱ्याच्या मताला दोषास्पद ठरवू नये. अंतिम निवाडा धर्मपीठ योग्य वेळी देईल, असा त्याचा आशय होता. तो अंतिम निवाडा आजतागायत दिला गेलेला नाही आणि त्यावाचून कॅथोलिक ख्रिस्तसभेचे काही अडलेले नाही. आपल्या मताशी न जुळणाऱ्या सहधर्मीयाला पाखंडी म्हणण्याची घाई झालेल्यांनी या चार शतकांच्या मौनाचे मनन करावे, असे आम्हांला वाटते. ख्रिस्तसभेने जो प्रश्न खुला ठेवला आहे तो आपण बंद करू नये.

सत्याविषयीचा भेद

तिसरा प्रकार सर्वांत अवघड. येथे दोन्ही पक्ष एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. तिसऱ्या शतकाच्या मध्यास असा पेच उद्भवला. ख्रिस्तसभेपासून फुटलेल्या गटात ज्यांचा स्नानसंस्कार झाला ते ख्रिस्तसभेत येऊ इच्छितात. त्यांना पुन्हा स्नानसंस्कार द्यावा काय? कार्थेजचे बिशप संत सिप्रियन म्हणाले, की द्यावा, कारण ख्रिस्तसभेबाहेर खरा स्नानसंस्कार नाही. रोमचे बिशप संत स्तीफन म्हणाले, की देऊ नये. प्रायश्चित्तासाठी हस्तस्पर्श करून त्यांना स्वीकारावे. २५६ साली कार्थेज येथे ८० हून अधिक बिशपांनी सिप्रियन यांच्या बाजूने मत दिले. रोमशी संबंध कमालीचे ताणले गेले. तथापि सिप्रियन यांनी त्या सभेच्या आरंभीच स्पष्ट केले होते, की भिन्न मत असलेल्या कोणालाही आपण सहभागितेतून बाहेर काढत नाही. २५७ साली स्तीफन निवर्तले आणि १४ सप्टेंबर २५८ रोजी सिप्रियन यांनी रक्तसाक्ष दिली.

सिद्धांताचा निकाल स्तीफन यांच्या बाजूने लागला. ३१४ सालच्या आर्ल परिषदेने त्रैक्याच्या नावाने झालेला स्नानसंस्कार पुन्हा न देण्याचे ठरवले. पुढे दोनातुस पंथीयांनी आपल्या फुटीच्या समर्थनार्थ सिप्रियन यांचा दाखला दिला, तेव्हा संत ऑगस्टीन यांनी उत्तर दिले: या प्रश्नावर सिप्रियन चुकले हे खरे, पण त्यांनी ऐक्य तोडले नाही; तुम्ही त्यांची चूक उचलली, त्यांची प्रीती मात्र सोडून दिली. आजही पहिल्या युखरिस्त प्रार्थनेत रोमच्या वेदीवर सिप्रियन यांचे नाव घेतले जाते, आणि १६ सप्टेंबरला संत कॉर्नेलियस यांच्यासमवेत त्यांचा सण साजरा होतो. ज्यांचे मत रोमने स्वीकारले नाही, त्यांचे स्मरण रोम आपल्या पवित्र अर्पणात करते.

या जुन्या वादाचा आपल्या घरांशी थेट संबंध आहे. त्रैक्याच्या नावाने पाण्याने स्नानसंस्कार झालेले प्रोटेस्टंट बंधू वा भगिनी कॅथोलिक ख्रिस्तसभेत येतात तेव्हा त्यांना पुन्हा स्नानसंस्कार दिला जात नाही. उलटपक्षी आपल्यापैकी कोणी अन्य गटात जाऊन 'पुन्हा बाप्तिस्मा' घेतो तेव्हा आपल्याला दुःख होते आणि ते स्वाभाविक आहे. लहानपणी झालेला स्नानसंस्कार खरा व कायमचा आहे, हे आपण ठामपणे सांगावे. परंतु त्याच सत्याची दुसरी बाजूही आहे: तो कायमचा असल्यामुळे ती व्यक्ती आजही आपलीच बहीण वा भाऊ आहे. तिच्याशी बोलणे टाकणे, तिच्या घरच्या सुखदुःखाकडे पाठ फिरवणे हे आपल्याच सिद्धांताशी विसंगत ठरते.

संत इग्नेशियस यांचा नियम

मतभेद कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायचे कसे? संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. त्याच्या आरंभीच त्यांनी एक छोटा नियम दिला आहे. त्याचा आशय असा: चांगला ख्रिस्ती माणूस दुसऱ्याच्या विधानाचा निषेध करण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावण्यास अधिक तत्पर असतो. चांगला अर्थ लावता येत नसेल तर त्याने बोलणाऱ्यालाच विचारावे, की तुम्हांला काय अभिप्रेत आहे. त्याचे म्हणणे चुकीचे निघाल्यास प्रीतीने समजूत घालावी. तेवढ्याने भागले नाही तर त्याला योग्य अर्थाप्रत आणणारे सर्व उचित उपाय योजावेत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने उतावळ्या निवाड्याचा दोष सांगताना याच नियमाचा आधार घेतला आहे.

या नियमातील क्रम महत्त्वाचा आहे. आपण सहसा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो: आधी दुरुस्ती, मग रोष, आणि प्रश्न विचारायचा राहूनच जातो. इग्नेशियस यांनी दुरुस्ती वगळलेली नाही. ती विचारपूस केल्यानंतर ठेवली आहे.

ऑग्सबर्ग : नियमाची कसोटी

हा क्रम किती दूरवर नेऊ शकतो याचे सर्वांत ठळक उदाहरण जर्मनीतील ऑग्सबर्ग शहराशी निगडित आहे. पापी माणूस देवासमोर नीतिमान कसा ठरतो, हा सोळाव्या शतकातील फुटीच्या केंद्रस्थानी असलेला प्रश्न. याच शहरात १५१८ साली मार्टिन लूथर व कार्डिनल काजेतान यांची भेट निष्फळ ठरली. १५३० साली येथेच लूथरन पक्षाने आपला विश्वासजाहीरनामा सम्राटापुढे ठेवला. १५४१ साली रेगेन्सबर्ग येथे कार्डिनल कोंतारिनी, मेलांख्थोन आदींच्या संवादात या एका मुद्द्यावर एकमत झालेही होते. परंतु युखरिस्त व ख्रिस्तसभेचा अधिकार या प्रश्नांवर बोलणी फिसकटली आणि ते एकमतही दोन्हीकडून नाकारले गेले. १३ जानेवारी १५४७ रोजी त्रेंत परिषदेने या विषयावर १६ प्रकरणे व ३३ निषेधसूत्रे असलेला आदेश काढला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६७ पासून, लूथरन जागतिक महासंघ व कॅथोलिक ख्रिस्तसभा यांच्यात पद्धतशीर संवाद सुरू झाला. १९७२ चा माल्टा अहवाल, १९८३ चा अमेरिकेतील अहवाल, १९८६ चा जर्मनीतील अभ्यास अशी पावले पडत गेली. जुने निषेध त्या काळी नेमके कशाला उद्देशून होते आणि आज समोरचा पक्ष खरोखर तेच शिकवतो काय, हे तपासले गेले. त्यातून संयुक्त घोषणेचा मसुदा तयार झाला. प्रत्येक वादग्रस्त मुद्द्यावर प्रथम दोघांची समान कबुली, मग प्रत्येक परंपरेचे आपापल्या शब्दांतील स्पष्टीकरण, अशी तिची रचना आहे.

वाट सरळ नव्हती. शंभराहून अधिक जर्मन प्रोटेस्टंट धर्मपंडितांनी मसुद्याला विरोध केला. जून १९९८ मध्ये कॅथोलिक बाजूनेही अधिकृत उत्तरात काही शंका उपस्थित केल्या. त्यांतील प्रमुख शंका लूथरन परंपरेच्या 'एकाच वेळी नीतिमान व पापी' या सूत्राविषयी होती. कॅथोलिक शिकवणीनुसार जे खऱ्या अर्थाने पाप आहे ते स्नानसंस्काराने पुसले जाते. पापाकडे ओढणारी वासना उरते, पण ती स्वतः पाप नव्हे. लूथरन परंपरा त्या उरलेल्या विरोधी ओढीलाच पाप म्हणते. पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागला: पाप या शब्दाने तुम्हांला काय अभिप्रेत आहे? कार्डिनल जोसेफ रात्झिंगर, म्हणजे पुढील काळातील पोप सोळावे बेनेडिक्ट, यांनी कोंडी फोडण्यास साहाय्य केले. खुलासा करणारी पुरवणी जोडण्यात आली आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथेच कार्डिनल एडवर्ड कॅसिडी, बिशप ख्रिस्तियान क्राउझ व इतरांनी सह्या केल्या.

तारण देवाच्या कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील श्रद्धेने होते, आपल्या पुण्याईने नव्हे. आणि हीच कृपा आपल्याला सत्कृत्ये करण्यास समर्थ करते व पाचारण करते, ही त्या घोषणेतील समान कबुली होय. कृपेपूर्वीची श्रद्धा वा कृती नीतिमान ठरण्याची कृपा कमावू शकत नाही, हे त्रेंत परिषदेनेही शिकवले होते. पण वादाच्या धुरळ्यात ते ऐकले गेले नव्हते. घोषणेत मांडलेल्या लूथरन शिकवणीला त्रेंतचे निषेध लागू होत नाहीत आणि त्यात मांडलेल्या कॅथोलिक शिकवणीला लूथरन निषेध लागू होत नाहीत, असे ठरले. ते निषेध चुकीचे होते असे मात्र कोणी म्हटले नाही. हितकारक इशारे म्हणून त्यांचे गांभीर्य कायम आहे. ख्रिस्तसभेचे स्वरूप, अधिकार, धर्मसेवा व संस्कार याविषयीचे प्रश्न अनुत्तरित असल्याचेही घोषणेत प्रांजळपणे नमूद आहे. जागतिक मेथॉडिस्ट परिषदेने २३ जुलै २००६ रोजी सेऊल येथे आणि रिफॉर्म्ड ख्रिस्तसभांच्या जागतिक संघटनेने ५ जुलै २०१७ रोजी विटेनबर्ग येथे या घोषणेशी स्वतःला जोडून घेतले. महाराष्ट्रात मेथॉडिस्ट बांधवांची वस्ती जुनी आहे. त्यामुळे हा करार आपल्या शेजारापर्यंत पोहोचलेला आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. "तुमचे तारण झाले आहे काय?" असे कोणी विचारल्यास चिडण्याचे कारण नाही. "तारण म्हणजे आपल्याला काय अभिप्रेत आहे?" असे आधी विचारावे. मग आपली श्रद्धा सांगावी: एफेसकरांस लिहिलेल्या पत्रानुसार कृपेने आपले तारण झाले आहे, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रानुसार आपले तारण होत आहे, आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रानुसार आपले तारण होईल ही आपली आशा आहे. तिन्ही काळ संत पौलाचेच आहेत. विचारणाऱ्याला पहिला काळ प्रिय असतो. आपण त्याला उरलेले दोन काळही प्रेमाने दाखवावेत, आणि पहिल्याविषयीचा त्याचा आनंद आपणही थोडा उचलावा.

विवेकाच्या मर्यादा

पहिली मर्यादा अधिकाराची. मतभेदांचा खासगी विवेक प्रत्येक श्रद्धावंताने करावा. परंतु ख्रिस्तसभेच्या श्रद्धेचा अधिकृत अर्थ सांगण्याची जबाबदारी पोपमहोदय व त्यांच्याशी सहभागितेत असलेले बिशप यांच्यावर आहे. ऑग्सबर्गचा करार चार मित्रांनी बसून केला नव्हता.

दुसरी मर्यादा सत्यांच्या क्रमाची. व्हॅटिकन परिषदेच्या आदेशानुसार श्रद्धेच्या गाभ्याशी असलेल्या संबंधानुसार सत्यांचा एक क्रम असतो. याचा अर्थ काही सत्ये ऐच्छिक आहेत असा नव्हे. त्रैक्य व ख्रिस्ताचा देहधारण या पायावर बाकीची सत्ये उभी आहेत, म्हणून संभाषण पायापासून सुरू व्हावे, शिखरापासून नव्हे.

तिसरी मर्यादा वेदीची. ख्रिस्तशरीराचा स्वीकार हे पूर्ण ऐक्याचे चिन्ह असल्यामुळे सौजन्य म्हणून, सर्वसाधारण परिस्थितीत, तो सर्वांना खुला करता येत नाही. मिश्र विवाहाच्या घरात ही वेदना दर रविवारी जाणवते. ती वेदना नाकारू नये आणि नियम मोडून ती झाकूही नये. ती ऐक्यासाठीची प्रार्थना म्हणून देवापुढे ठेवावी.

आचरणासाठी काही पथ्ये

१. समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगता येईपर्यंत त्याचे खंडन करू नये.

२. दुसऱ्या परंपरेतील सर्वोत्तम आचरणाची तुलना आपल्या सर्वोत्तम आचरणाशी करावी. आपला आदर्श व त्यांचा दोष अशी तुलना अन्यायाची असते.

३. आपली श्रद्धा जाणून घ्यावी. धर्मशिक्षण प्रथम दृढीकरणापाशी थांबले असेल तर रागाला उधाण येते, कारण उत्तर सुचत नाही.

४. मतभेद शब्दांचा, स्पष्टीकरणाचा की सत्याचा हे स्वतःला विचारावे. पहिल्यात अर्थ विचारावा, दुसऱ्यात मोकळीक द्यावी, तिसऱ्यात सत्य सौम्यपणे पण स्पष्टपणे सांगावे.

५. वादाचा विषय व वादाची वेळ यांत भेद करावा. मयताचे घर, रुग्णाची खाट व लग्नाचा मांडव या सिद्धांतचर्चेच्या जागा नव्हेत. तेथे उपस्थिती हीच साक्ष असते.

६. ज्याच्याशी वाद झाला त्याचे नाव घेऊन त्या रात्री प्रार्थना करावी. त्याने सुधारावे एवढीच ती प्रार्थना नसावी. दोघांनाही सत्य अधिक उमगावे अशी असावी.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या काळात ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह पाळला जातो. त्याची सुरुवात १९०८ साली झाली. प्रत्येक धर्मग्रामाने या सप्ताहात निदान एकदा शेजारच्या प्रोटेस्टंट मंडळीसमवेत पवित्र शास्त्राचे वाचन व प्रार्थना करावी, आणि ज्या घरात या विषयावरून बोलणे बंद झाले आहे त्या घरातील कोणीतरी एकाने आधी दार ठोठवावे, अशी आमची आपणां सर्वांना नम्र विनंती आहे. सिद्धांताचा निकाल त्या भेटीत लागणार नाही; परंतु प्रभूने शेवटच्या भोजनाच्या रात्री आपल्या एकतेसाठी पित्याकडे जी प्रार्थना केली, तिच्या बाजूने आपण एक पाऊल टाकलेले असेल.